करंट कुठं अडलाय?

जावा किकला दाद देईनाशी झाली की पहिला बळी प्लगचा जातो. तो निर्दोष असला तरी जातो, कारण तो हाताशी असतो आणि खिशाला परवडतो. मग कंडेन्सर, मग पॉइंट, मग कॉइल. एवढं होऊनही गाडी थंडच राहिली की मालक मेस्त्री बदलतो आणि नवा मेस्त्री पुन्हा प्लगपासून सुरुवात करतो.

अशा दहा दारं फिरून आलेल्या जावा आणि येझदी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये येऊन टेकतात. तिथल्या मेस्त्रींना सगळे वस्ताद म्हणतात. 'नाव छापायचं न्हाई' या अटीवर त्यांनी शेजारी बसू दिलं. गल्लीत लेथ फिरत असतात, बोअरिंग मशीन कण्हत असतं, पलीकडे ओतकामाचा वास. ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून या भागाला लोखंडाची समज आहे. वस्तादांची पद्धत मात्र गल्लीपेक्षा वेगळी. गाडी आली की ते पाना उचलत नाहीत. स्टूल पुढे ओढून मालकाला बसवतात.

"चालता चालता बंद पडली, का रात्री लावली आणि सकाळी बोलंना झाली?"

"चालता चालता, मामा." समोर इंजिनिअरिंगला असलेला मुलगा. गाडी आजोबांची, येझदी रोडकिंग.

"एकदम पडली का रडत रडत?"

"एकदम. गारगोटीच्या रस्त्याला."

"गार झाल्यावर चालू झाली?"

"झाली की. अर्ध्या तासानं. परत दहा किलोमीटरवर तसंच."

वस्ताद मान डोलावतात. निम्मं निदान इथंच झालेलं असतं. एका क्षणात गप्प झालेलं इंजिन बहुधा विजेपायी अडलेलं असतं. आचके देत, रेस धरेनासं होत होत मेलेलं बहुधा पेट्रोलपायी. आणि तापलं की मरतं, निवलं की जगतं, असं असेल तर संशय कंडेन्सरवर किंवा कॉइलवर जातो. दोन्हींच्या पोटातलं इन्सुलेशन म्हातारं झालं की थंडपणी तग धरतं आणि उष्णतेनं गळू लागतं. हे तीन प्रश्न गाडी ढकलत आणणाऱ्या माणसाला रस्त्यातच स्वतःला विचारता येतात. सहसा कोणी विचारत नाही.

जुन्या गाडीचं इग्निशन हे डोळ्यांनी बघता येणारं यंत्र आहे. त्यात काही झाकलेलं नाही, काही गुपित नाही. बॅटरीतून निघालेला करंट किल्लीच्या स्विचमधून कॉइलमध्ये जातो, कॉइलमधून पॉइंटला येतो आणि पॉइंट मिटलेले असतील तर इंजिनच्या अंगातून, चेसिसमधून परत बॅटरीला मिळतो. एवढाच वळसा. कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांत हा करंट वाहत असताना चुंबकत्व साठतं. क्रँकबरोबर फिरणारा कॅम नेमक्या क्षणी पॉइंट उघडतो, वळसा तुटतो, चुंबकत्व कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्टचा दाब उभा राहतो. तो प्लगच्या फटीतून उडी मारतो. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी ही बॅटरीवरची पद्धत मार्गी लावली आणि १९१०च्या कॅडिलॅक मोटारीत ती बसली. पुढची साठ-सत्तर वर्षं जगभरातल्या मोटारी आणि कितीतरी मोटारसायकली याच पद्धतीनं पेटत राहिल्या.

यात कंडेन्सरचं काम सगळ्यात कमी लोकांना उमगतं. उसाला पाणी पाजताना भरल्या पाटात एकदम आडवी माती टाकली तर पाणी बांध फोडू पाहतं. शेजारी एखादा खड्डा असला तर तो लोंढा त्यात मावतो आणि बांध वाचतो. पॉइंट उघडतात तेव्हा वाहता करंट असाच फटीतून उडी मारू बघतो. कंडेन्सर तो लोंढा पोटात घेतो. तो मेला की दोन गोष्टी होतात. पॉइंटमध्ये जाड निळी ठिणगी दिसू लागते, आणि प्लगवरची ठिणगी बारीक, पिवळट होते. जी आग प्लगवर पडायची ती पॉइंटवरच पडते आणि त्यांचं टंगस्टनचं तोंड जाळून काढते. म्हणून पॉइंट वारंवार जळत असतील तर नवे पॉइंट घालून भागत नाही.

रोडकिंगचं उजवं कव्हर उघडलं. जावा घराण्यात डायनॅमो क्रँकच्या उजव्या टोकावर असतो, त्याच्यावरच पॉइंट आणि शेजारी चिकटून कंडेन्सर. इंजिनची सगळी धग तिथं पोचते. वस्तादांनी किल्ली लावून बोटानं पॉइंट उघडझाप केले. निळा भपका उडाला. "बघितलं?" मुलगा आनंदानं म्हणाला, "पण मामा, कंडेन्सर गेल्याच महिन्यात नवा टाकलाय!"

"म्हणूनच."

या एका शब्दात या सगळ्या धंद्याची आजची गोम आहे. बिघाड शोधण्याचं जुनं शास्त्र एका गृहीतकावर उभं होतं: नवा पार्ट चांगला असतो. संशयित पार्ट काढायचा, नवा घालायचा, फरक पडला तर चोर सापडला, नाही पडला तर तो पार्ट निर्दोष. आता हे गृहीतक उरलेलं नाही. नवा कंडेन्सर डबीतूनच अर्धमेला निघू शकतो. नव्या पॉइंटच्या तोंडावर गंजू नये म्हणून लावलेला पातळ थर असतो, तो पुसला नाही तर करंट जातच नाही. म्हणजे मूळ दोष एक. पार्ट बदलत गेलं की त्यात नवे दोन मिसळतात आणि मग कुठलीही चाचणी खरं सांगत नाही. माझ्या मते आज जुन्या गाडीला सगळ्यात जास्त नुकसान होतं ते या पार्ट-बदलू घाईनं. वय त्यामानानं बरंच कमी दोषी आहे.

हे असं का झालं ते समजायला या गाडीचा इतिहास थोडा बघावा लागतो. फ्रांटिशेक यानेचेक हे चेकोस्लोव्हाकियातले शस्त्रास्त्रांचे कारखानदार. १९२९ साली त्यांनी वॉन्डरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून जावा झाली. भारतात आयडियल जावा कंपनीनं म्हैसूरच्या यादवगिरी भागात कारखाना उभारला. रुस्तम इराणी यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. १९६१ साली म्हैसूरचे महाराज आणि राज्यपाल जयचामराज वाडियार यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. सत्तरीच्या दशकात गाडीवर जावाच्या जागी येझदी हे नाव आलं, इराणमधल्या यझ्द शहरावरून. १९७८ साली रोडकिंग आली. १९९६ साली कारखाना बंद पडला. रुस्तम इराणींचे चिरंजीव, मुंबईतले बांधकाम व्यावसायिक बोमन इराणी हे पुढे त्या नव्या उद्योगाचे भागीदार झाले, ज्यानं २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी नव्या रूपात बाजारात आणली. पण त्या गाड्या पूर्ण वेगळ्या, फोर-स्ट्रोक. जुन्या टू-स्ट्रोकला त्यांचा एक नटही उपयोगी नाही.

म्हणजे मूळ कारखान्याचे पार्ट बनणं थांबून पाव शतक उलटून गेलं. जुना साठा संपत आला आणि त्याची जागा भरायला कुठलाही शिक्का नसलेला माल आला. वस्तादांकडे एका पत्र्याच्या डब्यात जुने, मळके, म्हैसूरकाळातले कंडेन्सर आहेत. त्यातलाही प्रत्येक चालेलच असं नाही. कागदी पोटाचे कंडेन्सर नुसते पडून राहिले तरी ओल पितात. रोडकिंगसाठी त्यांनी तिसराच मार्ग काढला. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणलेला, जास्त दाब सोसणारा कपॅसिटर; मूळच्या इतक्याच, म्हणजे सुमारे पाव मायक्रोफॅरड क्षमतेचा. तो इंजिनच्या धगीपासून लांब, सीटखाली कॉइलपाशी बांधला. पॉइंटला जाणारी वायर तशीही कॉइलवरून येते, तेव्हा वळसा तोच राहतो. पॉइंटमधला भपका गेला, बारीक टिपका राहिला. मुलाला गारगोटीपर्यंत जाऊन यायला सांगितलं.

तो गेल्यावर एक झगझगीत मरून जावा पुढे ओढली गेली. १९६०च्या दशकातली २५० सीसी. टाकीवर क्रोम, रंगात तोंड दिसावं अशी. पुनरुज्जीवनावर मालकानं लाखाच्या वर खर्च केलेला. नवी बॅटरी, नवी कॉइल, नवं वायरिंग, आणि प्लगला करंट नाही. वस्तादांनी टेललाइटचा सहा व्होल्टचा बल्ब घेतला. त्याला दोन वायरी जोडलेल्या. त्यांचं निम्मं काम या बल्बवर चालतं. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं चेसिसला: लख्ख. दुसरं टोक इंजिनच्या फिनला: अंधार.

इंजिन चेसिसवर बसलेलं आहे, चार बोल्ट आवळलेले आहेत, पण विजेच्या हिशेबी ते हवेत तरंगतंय. चेसिसला पावडर कोटिंग केलं तेव्हा बोल्टांच्या भोकांत, बैठकीच्या पत्र्यांवर सगळीकडे तो जाड थर बसला. पावडर कोटिंग म्हणजे चांगल्यापैकी इन्सुलेटर. जाणारा रस्ता नवा कोरा, परतीचा रस्ता बंद. एका बोल्टखालचं कोटिंग कानशीनं खरवडलं, इंजिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक वेगळी जाड वायर ओढली, आणि प्लगवर निळी ठिणगी आली. मालक खरवडलेल्या जागेकडे दुःखानं बघत राहिले.

सहा व्होल्टच्या गाडीत हे अर्थिंगचं प्रकरण दुप्पट भोवतं. गंजलेल्या जोडांमध्ये मिळून एक व्होल्ट गळाला, तर बारा व्होल्टच्या गाडीत बारावा हिस्सा जातो, इथं सहावा. जुन्या जावाची किल्ली म्हणजे नुसती खिट्टी, एकीची दुसरीला चालणारी. ती दाबली की आत पितळी पट्ट्या जुळतात. त्या पट्ट्या झिजल्या, काळ्या पडल्या की तिथं थोडा करंट अडतो. फ्यूजच्या चिमट्यात थोडा, पॉइंटच्या तोंडावर थोडा. दिवा लागतो, हॉर्न वाजतो, म्हणून मालक 'बॅटरी ओके' म्हणतो. पण कॉइलपाशी मीटर लावला तर सहाऐवजी साडेचार दिसतात. एवढ्यावर येणारी ठिणगी उघड्या हवेत प्लग धरला तर दिसते. सिलिंडरच्या आत दाबलेल्या मिश्रणात तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त दाब लागतो, आणि तिथं ती हरते. म्हणून 'करंट येतोय' या साक्षीवर वस्तादांचा विश्वास नाही. ते प्लगची टोपी काढून वायरचं टोक लाकडी चिमट्यानं फिनपासून पाच-सहा मिलिमीटर लांब धरतात. तेवढी उडी टकटक आवाज करत मारली तरच करंट खरा. हे करताना प्लगचं भोक बंद हवं आणि पेट्रोलचं कापड लांब हवं. किक मारली की त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, हे विसरून भुवया जाळून घेतलेले लोक या गल्लीत आहेत.

बुलेटवाल्यांना एक सुख आहे, त्यांच्या जुन्या गाडीवर अँपिअर-मीटर असतो. हळूच किक दाबत गेलं की काटा डावीकडून मध्ये येतो. याचा अर्थ पॉइंट उघडले, पिस्टन वर आला. मग डीकॉम्प्रेसर दाबून थोडं पुढं सरकवायचं आणि पूर्ण किक मारायची. काटा हललाच नाही तर वळसा कुठंतरी तुटलाय हे किक मारण्याआधीच कळतं. जावात काटा नाही, चार्जिंगचा लाल दिवा तेवढा आहे. हा दिवा इंजिन चालू झाल्यावर विझला नाही तर डायनॅमो चार्ज करत नाही. डायनॅमो मुळात ४५ वॉटचा. गावातल्या संथ फिरण्यात, वर हेडलाइट लावून, तो बॅटरीला फारसं काही देऊ शकत नाही. त्याचे कार्बन ब्रश झिजले तर तेवढंही मिळत नाही, आणि डायनॅमो व बॅटरी यांच्यामधल्या कट-आउटचे पॉइंट चिकटले, तर उभ्या गाडीत बॅटरी रातोरात उतरते. 'काल चालू होती' ची बरीच उत्तरं इथं असतात.

टायमिंगचं काम बघण्यासारखं होतं. प्लगच्या भोकातून खोली मोजायची पट्टी सोडायची, पिस्टन अगदी वर आणायचा, मग उलटा फिरवून मॉडेलप्रमाणे तीन ते चार मिलिमीटर खाली घ्यायचा. नेमक्या त्या जागी पॉइंट उघडायला सुरुवात झाली पाहिजे. ते डोळ्यांना दिसत नाही. जुने मेस्त्री सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरून हलकेच ओढतात. सुटला की उघडले. वस्ताद बल्बच लावतात, पॉइंट आणि इंजिनच्या मध्ये. किल्ली चालू असताना पॉइंट उघडले की बल्ब लागतो. पण त्याआधी गॅप ०.४ मिलिमीटर करायचा, हा क्रम उलटा चालत नाही. गॅप बदलला की टायमिंग बदलतं. पॉइंटचा फायबरचा टाचेचा भाग कॅमवर घासून झिजतो, गॅप कमी होत जातो आणि टायमिंग मागे पडतं. गाडी महिनोनमहिने हळूहळू जड होते आणि मालकाला ते जाणवतही नाही.

टायमिंग फार पुढे गेलं तर वेगळीच मजा. टू-स्ट्रोक इंजिनला उलटं फिरायलाही हरकत नसते. अर्धवट किक, पुढे गेलेलं टायमिंग, की ते झटका देऊन उलट्या दिशेनं सुरू होतं, आणि पहिला गिअर टाकला की गाडी मागे जाते. उद्यमनगरात एक येझदी अशीच चहाच्या टपरीत मागच्या पावली शिरल्याचं सगळे रंगवून सांगतात. ती कोणाची होती यावर मात्र एकमत नाही.

विजेचे वाटणारे काही दोष लोखंडाचे असतात. क्रँकचं बेअरिंग ढिलं झालं की त्याच्या टोकावरचं आर्मेचर लडबडतं, कॅम लडबडतो आणि पॉइंटचा गॅप दर फेऱ्याला वेगळा पडतो. कितीही सेट करा, गाडी मिसिंग मारत राहते. वस्ताद कॅम बोटांत धरून वरखाली हलवून बघतात. जाणवेल इतका खेळ असला तर पॉइंटला हात लावत नाहीत, क्रँक उतरवून दोन गल्ल्या पलीकडे लेथवर पाठवतात. तिथं तो प्रेसवर सोडवून, नवा रॉड घालून, दोन टोकांवर फिरवत सरळ केला जातो. तसंच ऑइल सीलचं. उजव्या बाजूचं सील गेलं तर तिथून हवा ओढली जाते आणि पॉइंटवर तेलही चढतं. डाव्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअरबॉक्समधलं तेल पिऊ लागतं: मागे पांढऱ्या धुराचे लोट, प्लग सतत तेलकट, आणि जमिनीवर एक थेंब न पडता गिअर ऑइल कमी. अशा गाडीचे मालक डझनाने प्लग विकत घेतात.

पेट्रोलकडे वस्ताद शेवटी वळतात, पण आताशा त्यांना पूर्वीपेक्षा लवकर वळावं लागतं. या गाडीला लिटरला ४० मिली टू-टी ऑइल लागतं. शेडमध्ये ऑइल जास्त घालून प्लग काळा करणारे येतात, पंपावर विसरून पिस्टन जाम करणारेही येतात. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. आजूबाजूच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत जे बनतं तेच फिरून या टाक्यांत येतं. उसानं ज्या जिल्ह्याला पैसा दिला त्या जिल्ह्यात हे कोणी मोठ्यानं म्हणत नाही, पण महिनाभर उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीला ते सोसत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी फार झालं की ते दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात आणि कॉक उघडला की आधी तेच खाली येतं. जुनं रबर फुगतं, टाकीतला वर्षांचा राप सुटून जेटमध्ये जातो. शिवाय इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असल्यानं मिश्रण पातळ पडतं आणि थंड इंजिन आणखी आढेवेढे घेतं. वस्तादांचा उपाय जुनाच: गाडी लावायची असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवायचं. चालू करताना कार्बोरेटरचा टिकलर पेट्रोल ओघळेपर्यंत दाबायचा, गिअरचाच दांडा आत दाबून उभा फिरवायचा आणि किक मारायची. चार किकांत झाली नाही तर थांबायचं. तिथून पुढच्या प्रत्येक किकेनं क्रँककेसमध्ये नुसतं पेट्रोल साचतं. मग कॉक बंद, प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा, आणि आतलं ओलं फेकून देईपर्यंत रिकाम्या किका.

रोडकिंगवाला मुलगा परत आला, घामाघूम आणि खूश. गाडी कुठं पडली नव्हती. त्यानं मोबाइलवर एक चित्र दाखवलं: चेक कंपनी वेपचा बारा व्होल्टचा संच, डायनॅमो काढून जागी बसणारा, ना पॉइंट, ना कंडेन्सर. घ्यावा का?

मला वाटलं वस्ताद नाक मुरडतील. जुन्याचे पुजारी बहुतेक तसंच करतात आणि रोजच्या वापरात असलेल्या गाडीच्या बाबतीत ते चूक आहे. पाऊस आणि गर्दी यांत रोज ऑफिस गाठणाऱ्या माणसाला पॉइंटची टाच झिजल्याचं भान ठेवायला सांगणं हा छळ आहे. पण असा संच बंद पडला तर रस्त्याकडेला बल्ब लावून काही कळत नाही, बदली माल पार्सलनं येईपर्यंत गाडी उभी. महिन्यातून एखादा रविवार निघणाऱ्या गाडीला मी तो बसवणार नाही.

"रोज कॉलेजला न्यायची आसंल तर घाल," वस्ताद म्हणाले. "मी बसवून देतो. पर जुना डायनॅमो, आर्मेचर, पॉइंट, सगळं पिशवीत बांधून देणार. ते भंगारात घातलंस तर माझ्याकडं यायचं न्हाई."

मुलानं किंमत सांगितली. वस्तादांनी त्याच्या येझदीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "त्यापेक्षा आदी टायर बदल लेका," ते म्हणाले, आणि पुढच्या गाडीच्या मालकासाठी स्टूल ओढलं.